संध्याकाळ मुलांची राहू द्या: पुण्यातील प्राथमिक शाळांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक,
पूर्वप्राथमिक व प्राथमिक शाळा, पुणे शहर आणि परिसर.

विषय: शिशुवर्गापासून चौथीपर्यंतच्या मुलांचे शाळा सुटल्यानंतरचे तास शाळेच्या कामातून मोकळे ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

पहिली-दुसरीच्या पालकांचे जे व्हॉट्सॲप गट शाळेच्या वतीने चालवले जातात, त्यांवर दुसऱ्या दिवशीच्या सूचना येण्याची वेळ माझ्या अनुभवात संध्याकाळी सात ते रात्री साडेनऊ ही आहे. उद्या पिवळा दिवस आहे, पिवळे कपडे घालून आणि पिवळे फळ देऊन पाठवावे. परवा ‘आपले मदतनीस’ या विषयावर चार वाक्ये पाठ करून घ्यावीत आणि साजेसा वेश करावा. मराठीची वही अपूर्ण आहे, ती पूर्ण करून पालकांनी सही करावी. कविता म्हणतानाचा व्हिडिओ रविवारपर्यंत गटावर टाकावा. यातली कोणतीही एक सूचना वेगळी काढून पाहिली तर ती निरुपद्रवी वाटते, आणि ती पाठवणाऱ्या बाईंच्या मनात मुलांचे भलेच असते याविषयी मला शंका नाही. परंतु ती ज्या घरात पोहोचते त्या घरात त्या वेळी काय चाललेले असते, याचा विचार वर्षाचे नियोजन करताना कुठे झालेला दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी मुलगी दुसरीत आहे आणि मुलगा अजून वर्षाचा व्हायचा आहे. नवरा हिंजवडीला नोकरी करतो, मी खराडीला, आणि घर सिंहगड रस्त्याला. ही भौगोलिक रचना आम्ही हौसेने निवडलेली नाही. घरभाडे, सासूबाईंचा दवाखाना आणि मुलीची शाळा यांचा मेळ घालताना ती आपोआप तयार झाली. या शहरात अशी हजारो घरे असतील, ज्यांत दोन्ही पालक संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास दारात पाय ठेवतात आणि तिथून मुले झोपेपर्यंतचा जो दीड-दोन तासांचा अवधी उरतो, तेवढाच काय तो कामाच्या दिवसांत आईबाप आणि मुले यांच्या वाट्याला येतो.

त्या अवधीत तान्हे मूल काय मागते, हे आधी सांगते, कारण शाळेच्या नोंदवहीत त्याचे नाव नसते. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या कायद्याने 2017 च्या दुरुस्तीनंतर पगारी प्रसूती रजा 26 आठवड्यांची केली, आणि त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे बाळाच्या तोंडात मऊ भात आणि मुगाच्या डाळीचे पाणी घालण्याचे दिवस सुरू होतात न होतात तोच बहुतेक नोकरदार आया कामावर परतलेल्या असतात. पुढे आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला आई आणि परके माणूस यांतला फरक नीट कळू लागतो, आई नजरेआड झाली की ते रडते. दिवसभर तिच्यापासून लांब राहिलेले असे बाळ संध्याकाळी तिची मांडी सोडत नाही. त्याला भरवणे हे पंधरा मिनिटांत उरकणारे काम नाही, कारण ते शिकते आहे: घास तोंडात फिरवायला, गिळायला, नको असेल तर मान फिरवायला. त्यातच चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून बारा ते सोळा तास झोप लागते, त्यामुळे आठ वाजले की त्याला अंधार आणि शांतता हवी असते. दोन खोल्यांच्या घरात एका खोलीत अंधार करायचा आणि दुसरीत मोठ्या मुलीला मोठ्याने कविता पाठ करायला लावायची, हे एकाच वेळी कसे साधायचे, याचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

आणि थोरल्या मुलाची गरज धाकट्यापेक्षा कमी असते असेही नाही. धाकटे घरात आल्यावर सहा-सात वर्षांचे मूल पुन्हा भरवून घ्यायला मागते, क्षुल्लक कारणाने रुसते, झोपताना हात धरून बस म्हणते. याला घरातल्या मोठ्या बायका ‘लाडावले आहे’ म्हणतात. खरे तर ते फक्त आपली जागा शाबूत आहे ना, हे तपासत असते. ती खात्री त्याला मिळण्याची वेळ संध्याकाळचीच. दिवसभरात वर्गात कुणी चिडवले, डब्यातले काय सांडले, रिक्षावाल्या काकांनी आज कुठल्या रस्त्याने आणले, ही सगळी हकीकत विचारल्यावर बाहेर येत नाही. कणीक मळताना, भाजी निवडताना, बाळाचे कपडे घड्या घालताना ती आपसूक येते. ‘वही काढ’ या दोन शब्दांनी ती हकीकत त्या दिवसापुरती संपते.

आता झोपेचा हिशेब मांडते, कारण आपल्या शाळांना हिशेब आवडतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दहा ते तेरा, हे अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दिलेले प्रमाण बालरोगतज्ज्ञ सर्रास सांगतात. सकाळच्या सत्राची शाळा सव्वासात-साडेसातला भरत असेल तर रिक्षा किंवा व्हॅन साडेसहाला दाराशी येते आणि मुलाला पावणेसहाला उठवावे लागते. पावणेसहाला उठणाऱ्या पहिलीतल्या मुलाला दहा तास झोप द्यायची तर त्याने पावणेआठला डोळे मिटले पाहिजेत. अगदी किमान नऊ तास म्हटले तरी पावणेनऊला. पावणेआठला वडील चांदणी चौकातल्या किंवा विद्यापीठ चौकातल्या रांगेतून नुकतेच सुटलेले असतात आणि शाळेच्या गटावरची सूचना वाचली जात असते. गृहपाठासाठी लागणारा अर्धा-पाऊण तास या वेळापत्रकात कुठून काढायचा, याला एकच उत्तर आहे आणि ते आपणां सर्वांना ठाऊक आहे: झोपेतून. पहिल्या तासाला पेंगणारे मूल घरी लवकर झोपत नाही अशी तक्रार पालकसभेत होते तेव्हा ती तक्रार करणाऱ्यांनी आदल्या रात्रीचा आपलाच संदेश उघडून त्याची वेळ पाहावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

राज्य शासनाने 8 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे सांगितले, आणि त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण दिले होते. हा निर्णय अमलात आणताना शाळांसमोर खऱ्या अडचणी आहेत, हे मी मान्य करते. एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, एकच व्हॅन दोन फेऱ्या करते, आणि नऊच्या सुमारास कर्वे रस्ता किंवा नगर रस्ता कसा असतो हे वेगळे सांगायला नको. नोकरीवर वेळेत पोहोचायचे असलेल्या अनेक पालकांनीही सकाळच्या वेळेचीच बाजू घेतली, तेही खरे. पण मग ज्या शाळांना वेळ बदलता येत नाही, त्यांनी निदान दिवसाच्या दुसऱ्या टोकाला सूट द्यावी. सकाळी लवकर बोलावणार आणि रात्री उशिरापर्यंत कामही देणार, असे दोन्हीकडून करू नये.

गृहपाठाबाबत तर नियम शोधत बसण्याचीही गरज नाही. प्रा. यशपाल, ज्यांच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदाच्या काळात पुण्यात आयुका ही खगोलविज्ञान संस्था उभी राहिली, त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1993 मध्येच सांगितले होते की प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. द्यायचाच तर घरातल्या-परिसरातल्या गोष्टींचा शोध घेण्यापुरता द्यावा. मद्रास उच्च न्यायालयाने 2018 मध्ये पहिली-दुसरीच्या गृहपाठाला मनाई करणारा आदेश दिला आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना तशा सूचना पाठवल्या. दप्तराविषयीच्या 2020 च्या राष्ट्रीय धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीपर्यंत आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असे स्पष्ट लिहिलेले आहे. दिवसाला नव्हे, आठवड्याला. दप्तराच्या वजनाचा दहा टक्क्यांचा नियम याच धोरणातला, आणि तो मात्र सर्वांच्या तोंडी आहे, कारण दप्तर काट्यावर ठेवून त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापता येते. संध्याकाळचे वजन करायला काटा नाही.

हे सगळे मी पुण्यातल्या शाळांना सांगते आहे याची मला थोडी गंमतही वाटते. राज्याचे शिक्षण आयुक्तालय याच शहरात, पाठ्यपुस्तके तयार करणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, शिक्षकांचे प्रशिक्षण आखणारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर. महाराष्ट्रातल्या एखाद्या दूरच्या पाड्यावर परिपत्रक पोहोचायला उशीर झाला तर समजू शकते. आपल्याकडे ते चालत आणून देता येईल इतक्या अंतरावर छापले जाते.

गृहपाठाला वहीपेक्षा जड असा एक प्रकार आहे, तो म्हणजे प्रकल्प. पहिलीतल्या मुलाकडून सूर्यमालेची प्रतिकृती, पवनचक्की, ‘पाणी वाचवा’ हा सचित्र तक्ता अशा गोष्टी मागवल्या जातात. त्या पहिलीतले मूल करू शकत नाही, हे शाळेला माहीत असते, पालकांना माहीत असते आणि मुलालाही माहीत असते. मग अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट, चिकटवायच्या छापील चित्रांचे कागद आणि चकचकीत टिकल्या आणल्या जातात, आई रात्री अकरापर्यंत बसते, आणि सकाळी मूल ती वस्तू दोन्ही हातांनी धरून रिक्षात चढते. वर्गात त्यातल्या उत्तम चार वस्तू फळ्याजवळ मांडल्या जातात. त्या मांडणीत मुलांचे कौशल्य दिसत नाही. कुणाच्या आईला त्या रात्री मोकळा वेळ होता आणि कुणाच्या नव्हता, एवढेच दिसते. ज्या मुलाने खरोखर स्वतः केले त्याचा तक्ता वाकडा असतो, डिंकाने माखलेला असतो, आणि तो मागच्या बाकावर राहतो. स्वतः केलेल्या कामाची लाज वाटायला लावणारी ही पहिली शिकवण आपण सहाव्या वर्षी देतो.

याच शहरातली मुले दिवाळीत काय करतात ते आठवून पाहावे. सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, दगड आणि पोती रचून किल्ला केला जातो, त्यावर चिखल लिंपला जातो, अळीव पेरून हिरवळ उगवली जाते, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे तटावर उभे राहतात. मोठ्यांचे काम मातीचे पोते जिन्याखालून उचलून देण्यापुरते. बुरूज ढासळतो, पाण्याच्या टाक्याची गळती थांबत नाही, सात वर्षांची आणि बारा वर्षांची मुले त्यावरून भांडतात, आणि पुन्हा बांधतात. त्यात भूगोल आहे, इतिहास आहे, उतार आणि वजनाचे शास्त्र आहे, आणि कुणी सबमिशनची तारीख दिलेली नाही. अलीकडे काही शाळा किल्ल्याबरोबरचा मुलाचा फोटो पाठवा, त्याला गुण आहेत, असे कळवू लागल्या आहेत. कृपा करून एवढे तरी करू नका.

प्रकल्पांचा आणि छापील वर्कशीटचा आणखी एक पैलू आहे, ज्याविषयी आमच्यासारख्या पगारदार पालकांनी बोलायलाच हवे, कारण ज्यांना त्याचा सर्वाधिक जाच होतो ते पालकसभेत बोलत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागांवर आलेली मुले त्याच वर्गात बसतात. त्यांच्यापैकी कुणाची आई चार घरची पोळी-भाजी करून रात्री नऊला घरी येते, कुणाचे वडील रात्रपाळीला जातात, घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर गेलेला असतो. गटावर आलेली पाने छापून आणायची तर झेरॉक्सच्या दुकानात जावे लागते आणि ते दुकान त्या वेळी बंद झालेले असते. दुसऱ्या दिवशी ज्या मुलांनी काम आणले नाही त्यांना उभे केले जाते, तेव्हा नेमके कोण उभे राहते, हे वर्गशिक्षिकेला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. शाळेच्या चार भिंतींत सर्व मुलांना एकच बाक, एकच फळा आणि एकच शिक्षिका मिळते. घरी पाठवलेले काम मात्र प्रत्येकाच्या घरच्या परिस्थितीवर पडते. समतेचा थोडाफार अनुभव देणारी जागा शाळाच असेल, तर शिकण्याचे काम तिथेच पुरे व्हावे.

काही ज्येष्ठ वाचक म्हणतील की आमच्या वेळीही संध्याकाळी परवचा होत असे. होत असे, आणि तो बंद पडल्याचे मलाही वाईट वाटते. पण परवचा म्हणजे काय होते ते नीट पाहावे. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की आजी-आजोबांच्या भोवती बसून पाढे, पावकी-निमकी, वार, महिने, नक्षत्रे म्हणायची. त्याला वही लागत नसे, सही लागत नसे, स्वयंपाक करणाऱ्या आईला हातातले काम टाकून यावे लागत नसे, पाळण्यातले बाळ ते सूर ऐकत ऐकत झोपत असे, आणि पंधरा-वीस मिनिटांत पाने मांडली जात. शिवाय दुसऱ्या दिवशी ‘काल परवचा म्हटल्याचा पुरावा दाखव’ असे मास्तर विचारत नसत. घरातले शिकणे घराच्या गतीने होत होते. त्याची तुलना रात्री नऊला हातात पेन्सिल देऊन गिरवायला लावलेल्या दोन पानांशी होऊ शकत नाही.

लेखनाविषयी एक वाक्य शिशुवर्गांसाठी: तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडे अजून तयार होत असतात, आणि 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तके नसावीत असे म्हटले आहे, तेव्हा नर्सरीच्या मुलाला अक्षरांची पाने भरायला घरी पाठवण्याचे समर्थन कशाच्या आधारे करता येईल ते मला समजत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांशी मला एका वेगळ्या गोष्टीवर बोलायचे आहे. पालकसभेत ‘घरी इंग्लिशमध्ये बोलत जा’ असा सल्ला मराठी घरांना सर्रास दिला जातो. तो देणाऱ्या टीचरही बहुधा मराठी असतात आणि सभा संपल्यावर आपसांत मराठीतच बोलतात. मुलाला वर्गात इंग्रजी समजायला वेळ लागतो, म्हणून हा सल्ला दिला जातो हे उघड आहे. पण मुलाचे ऐकणे, प्रश्न विचारणे, कारण सांगणे, गोष्ट जुळवणे हे सगळे ज्या भाषेत घडते ती भाषा पक्की झाली की तिच्या आधारावर दुसरी भाषा उभी राहते, आणि म्हणूनच 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. आम्ही माध्यम इंग्रजी निवडले ही आमची निवड, तिचे परिणाम आम्ही भोगू. परंतु घरात बोलायची भाषा ठरवण्याचा अधिकार शाळेला नाही. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. दिवसभर बाळाशी बोलणारे माणूस घरात त्याच आहेत. ‘अडगुलं मडगुलं’पासून भाजीवाल्याशी घासाघीस करेपर्यंतचा सगळा शब्दसाठा त्यांच्याकडून दोन्ही मुलांकडे येतो. शाळेचा सल्ला मानून आईबाप मोडक्या इंग्रजीत सूचनांपुरते बोलू लागले तर पहिला परिणाम असा होतो की आजी त्या संभाषणातून बाहेर पडते, आणि दुसरा असा की मुलाशी बोलणे हे बोलणे न राहता आज्ञावलीसारखे होते. ‘ईट’, ‘सिट’, ‘डोन्ट टच’. अशा इंग्रजीने कुणाचे इंग्रजी सुधारल्याचे मी पाहिलेले नाही.

व्हिडिओविषयी थोडक्यात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त दाखवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले. शाळा याच विषयावर पालकांसाठी व्याख्यानही ठेवते, त्याचा दुवा गटावर येतो, आणि त्याच संध्याकाळी कवितेचा व्हिडिओ मागवला जातो. तो एका दमात नीट होत नाही, मूल अडखळते, पुन्हा घेतला जातो, मग ते स्वतःला पाहायला मागते, मग इतर मुलांचे व्हिडिओ पाहते, आणि शेजारी बसलेले बाळ त्या उजेडाकडे हात पसरते. कविता शाळेत म्हणून घ्यावी. तिथे ती ऐकायला चाळीस मुले असतात.

या सर्वाला पालक जबाबदार नाहीत असे मी म्हणणार नाही. ‘आमच्या मुलाला काहीच होमवर्क नसतो, शाळेत शिकवतात तरी का?’ असे विचारणारे पालक आहेत, आणि त्यांच्या दडपणाखाली शाळा काम वाढवते. एकीने सुंदर मुकुट केल्यावर दुसरीने त्याहून मोठा करायचा, ही स्पर्धा आम्हीच चालवतो. शिक्षिकांची बाजूही मला दिसते: त्यांनाही घर आहे, लहान मुले आहेत, रात्री नऊला सूचना टाइप करताना त्यांचे बाळही कुणीतरी सांभाळत असेल, आणि बऱ्याचदा त्यांना ती सूचना वरून त्याच वेळी आलेली असते. म्हणूनच हे पत्र वर्गशिक्षिकांना लिहिलेले नाही. ज्यांच्या सहीने वेळापत्रक ठरते त्यांना लिहिले आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणात नेल्यावर तिथल्या शंख-शिंपल्या, पाने, बिया, गाणी हीच साधने केली. शाळेने घरी यायचे असेल तर त्याची ही रीत आपल्याच राज्यात घालून दिलेली आहे. त्या रीतीने काही सुचवायचे असेल तर जरूर सुचवावे: मटार सोलताना एका शेंगेत किती दाणे निघाले ते मोजा, आजीला तिच्या लहानपणीचा खेळ विचारा, रात्री झोपताना एक गोष्ट वाचून दाखवा. फक्त त्याचा फोटो, सही किंवा तक्ता मागू नये. ज्या क्षणी पुरावा मागितला जातो त्या क्षणी गोष्ट वाचणे हा गृहपाठ होतो, आणि दमलेली आई पान न वाचताच खूण करून मोकळी होते.

नव्या शैक्षणिक वर्षासाठी माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. दुसरीपर्यंत घरी काहीही लेखी काम पाठवू नये, आणि तिसरी-चौथीला आठवड्याच्या दोन तासांची मर्यादा सर्व विषयांच्या शिक्षकांनी मिळून पाळावी. प्रत्येकाने आपापले ‘थोडेसे’ दिले की ते थोडे राहत नाही. पुढच्या आठवड्याच्या सूचना शुक्रवारी दुपारी एकत्र द्याव्यात आणि संध्याकाळी पाचनंतर अपघात, पाऊस किंवा सुट्टी यांखेरीज गटावर काही येऊ नये. हस्तकला आणि प्रकल्प वर्गात, शाळेने पुरवलेल्या साहित्यातून, मुलांच्याच हातांनी व्हावेत. साहित्याचा खर्च वर्षाच्या सुरुवातीला सांगितला तर पालक देतील, कारण आताही ते तो देतातच, फक्त अप्पा बळवंत चौकात. वेशभूषेचे दिवस वर्षात एक-दोन पुरेत. आषाढीला टाळ घेऊन दिंडी काढावी, मुलांना ती आवडते, पण प्रत्येकीला नऊवारी शिवलेलीच हवी असा आग्रह नसावा.

शुल्क नियमनाच्या कायद्याप्रमाणे शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत शिक्षक-पालक संघ स्थापन करावा लागतो. त्याची पहिली सभा बहुतेक ठिकाणी शुल्क आणि गणवेश यांतच संपते. यंदा त्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘शाळा सुटल्यानंतरचे तास’ हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. तिसरी-चौथीचे दोन तास कोणत्या विषयांत कसे वाटायचे, हे ठरवायला आम्ही काही पालक शिक्षिकांबरोबर बसायला तयार आहोत. सभा मात्र शनिवारी सकाळी ठेवावी, रात्री आठला नको, आणि ज्यांची बाळे लहान आहेत त्यांना बाळ कडेवर घेऊन आत बसण्याची परवानगी असावी.

कळावे,
आपली,
दुसरीतल्या एका विद्यार्थिनीची आई
सिंहगड रस्ता, पुणे